बारावं बटण

तपासणी केंद्राचं दार सकाळी साडेसहाला उघडायचं आणि सव्वासहालाच बाहेर पंचवीसेक माणसं उपाशीपोटी उभी असायची. उपाशी माणसाइतकं चिडकं माणूस दुसरं नाही. त्यात कुणाच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली, कुणाच्या कडेवर भोकाड पसरलेलं पोर, कुणाला कामावर जायची घाई. ही सगळी गर्दी काउंटरवरच्या वहिनी तासाभरात निकालात काढायच्या. त्यांनी माउसला कधी हात लावला नाही. तो टेबलाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला असायचा आणि वहिनी कधीकधी त्यावर चष्म्याचं फडकं वाळत घालायच्या. त्यांचं सगळं काम कीबोर्डवर. एक बटण दाबलं की नवा पेशंट, दुसरं दाबलं की जुना, तिसऱ्याला तपासण्यांची यादी, चौथ्याला रक्ताच्या नळीवर चिकटवायचं लेबल. समोरचा माणूस आडनाव सांगून संपेपर्यंत इकडे लेबल बाहेर आलेलं असायचं.

त्या कुणाच्या वहिनी, हे केंद्रातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. त्या होत्या बारक्याच्या वहिनी. बारक्या म्हणजे त्यांचा धाकटा दीर. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो सहावीत होता आणि हातापायाच्या नुसत्या काड्या होत्या. आता पोट पुढे आलं, डोक्यावरचं मागे गेलं, तरी घरात तो बारक्याच राहिला. त्याचा अभ्यास वहिनींनी घेतला, कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला दादाला त्यांनीच तयार केलं, आणि कॉम्प्युटरचं शिकून तो घरी बसून होता तेव्हा केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे शब्दही त्यांनीच टाकला. “माझा दीर प्रोग्रॅम लिहितो. एकदा बघा तरी.” डॉक्टरीणबाईंनी बघितलं. बारक्याने नोंदणीचा प्रोग्रॅम लिहून दिला, बसवायला आला, आणि “वहिनी, हे दाब, वहिनी, ते दाब,” असं चार दिवस इतकं ओरडला की साऱ्या केंद्राने तेच नाव उचललं. पुढे डॉक्टरीणबाईसुद्धा वहिनीच म्हणायला लागल्या.

सोळा वर्षं झाली त्याला. प्रोग्रॅम चांगला होता. त्याला एकच भोक होतं.

लेबलाचा कागद मशीनमध्ये गुंडाळीने येतो, त्याला रोल म्हणतात. हा रोल लेबल छापता छापता मध्येच संपला, तर ते अर्धवट राहिलेलं लेबल प्रोग्रॅमच्या पोटात तसंच राहायचं. नवा रोल घातला की आधी ते बाहेर यायचं. म्हणजे आताच्या पेशंटच्या नळीला मागच्या पेशंटचं लेबल, पुढच्याला आताच्याचं, आणि अशी सगळी रांग एकेक घर मागे सरकायची. लेबलावर नाव नसायचं, नुसता आकडा आणि काळ्या रेघा. त्यामुळे बघणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही. वहिनींच्या मात्र पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, कारण त्या प्रत्येक लेबलाचे शेवटचे चार आकडे वाचायच्या. त्यांनी बारक्याला बोलावलं. तो दोन तास डोकं खाजवत बसला आणि शेवटी हळूच म्हणाला, “वहिनी, रोल संपला की ही दोन बटणं एकदम दाबत जा. पोटातलं सगळं रिकामं होतं. आणि मॅडमना बोलू नकोस हं एवढ्यात. पहिलंच काम आहे माझं. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून देतो.”

तो पुढचा आठवडा काही उगवला नाही. नुसती दोन बटणं दाबून भागत नाही, त्याच्या आधी आणि नंतरही काही करावं लागतं, हे वहिनींनी स्वतःच चुकत माकत शोधून काढलं. मग त्यांच्या बोटांना सवय झाली, आणि एकदा बोटांना सवय झाली की डोकं तिकडे बघतसुद्धा नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्याचं थोडं कौतुकही वाटायचं. या एवढ्या मोठ्या केंद्राचा डोलारा आपल्या दोन बोटांवर उभा आहे आणि कुणाला पत्ता नाही, ही गोष्ट त्या मनातल्या मनात चघळत बसायच्या. कुणाला बोलल्या नाहीत. नवऱ्यालाही नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी दुसरी शाखा काढायचं ठरवलं. तिथे वहिनी कुठून आणायच्या? काउंटरवर नवी मुलगी ठेवली तर तिला बटणं पाठ होईनात. दोन मुली महिन्याभरात पळाल्या, तिसरी रडली. डॉक्टरीणबाईंनी बारक्याला बोलावून सांगितलं, “असं काहीतरी कर की कालची पोरगी आज बसली पाहिजे. सगळ्या प्रोग्रॅमना वर ती चित्रांची पट्टी असते ना, तशी दे.”

“टूलबार,” बारक्या म्हणाला.

“जे काय असेल ते. आणि वहिनींना विचार. सगळं त्यांच्या डोक्यात आहे.”

बारक्या तीन दिवस वहिनींच्या शेजारी स्टूल टाकून बसला. मांडीवर लॅपटॉप. वहिनींना मनापासून आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी तो हल्ली चारसहा महिन्यांनी तोंड दाखवायचा, तेही बायकोच्या मागे मागे. इथे तीन दिवस शेजारी बसून विचारत होता, “वहिनी, हे का दाबलंस? वहिनी, हे आधी की ते आधी?” वहिनी सांगत होत्या. हातचं काही राखलं नाही. जुना पेशंट कसा शोधायचा, एकाच नावाच्या दोघी आल्या तर काय करायचं, घाईची नळी वेगळी कशी काढायची. आपण आपल्याच खुर्चीचे खिळे काढून देतोय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण विचारणारा घरचा होता. आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “वहिनी, तुम्ही आता नव्या मुलींना शिकवायचं. देखरेख करायची.”

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी म्हणाल्या, “अकरा झाली. आता ते बारावं घे.”

“कुठलं?”

“कुठलं काय? रोलचं. रिकामं करायचं. तुझंच पाप आहे ते.”

बारक्याने मागे वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंची खोली बंद होती. “ते लक्षात आहे माझ्या,” तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

पंधरा दिवसांनी पट्टी आली. खिडकीच्या वरच्या कडेला ओळीने रंगीत चित्रं. डोकं आणि त्याशेजारी अधिकचं चिन्ह, म्हणजे नवा पेशंट. नळी, भिंग, छपाईचं मशीन. घाईच्या तपासणीला पळणारा माणूस काढला होता. नवी मुलगी आली होती ती चुणचुणीत होती, पण तिला पहिले दोन दिवस वाटलं की पेशंट पैसे न देता पळाला तर ते दाबायचं. सगळे हसले. वहिनीही हसल्या. हसता हसता त्यांनी चित्रं मोजली. अकरा.

बारक्याला त्यांनी जिन्यात गाठलं. “बारावं कुठंय?”

“आत घातलंय, वहिनी. आता आपोआप होतं.”

“नक्की?”

“मी लिहिलंय ना प्रोग्रॅम!” तो जरा तडकून म्हणाला. मग आवाज खाली आणून, “तू नको काळजी करू. तू आता आराम कर जरा.”

वहिनींनी विश्वास ठेवला. म्हणजे डोक्याने ठेवला. बोटं काही ऐकेनात, रोल संपला की पोरीला बाजूला सारून ती आपली जुन्या वाटेने जायची. त्यामुळे आपोआप होतं की नाही, हे बघायची वेळच आली नाही.

महिन्याभरात पोरगी तयार झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वहिनी, सोळा वर्षांत तुम्ही धड रजा घेतली नाहीत. जा चार दिवस कुठंतरी.” वहिनी बहिणीकडे गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी पर्स आवरताना त्यांच्या मनात आलं, पोरीला ती दोन बटणं सांगून ठेवावीत का. तोंड उघडलं आणि मिटलं. बारक्याने आपोआप होतं म्हणून सांगितलंय, मग कशाला उगाच? आणि पोरीने विचारलं असतं, हे काय, हे कशासाठी, तर सोळा वर्षांचं सगळं उकरावं लागलं असतं. आणखी एक बारीकशी गोष्टही होती. आपल्याशिवाय यांचं कसं चालतं ते बघू तरी, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं होतं. वाटलं ते वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्या क्षणाला मनात उलटंपालटं करून बघितलं, पण तो काही नाहीसा झाला नाही.

रजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला रोल संपला. पोरीने नवा घातला आणि छपाईच्या चित्रावर टिचकी मारली. लेबल आलं. तिने ते चिकटवलं. त्या सकाळी तेवीस नळ्यांवर दुसऱ्याच माणसाचे आकडे गेले.

एका निवृत्त शिक्षिकेला कळवलं गेलं की तुमची मूत्रपिंडं कामातून चाललीत. ती बाई दोन दिवस जेवली नाही. एका रंगाऱ्याला कळवलं गेलं की तुमचं सगळं उत्तम आहे. त्याची साखर इतकी वाढली होती की कुठल्याही डॉक्टरने त्याला त्याच दिवशी दाखल केलं असतं. तो उत्तम आहे म्हणून कामावर गेला आणि तिसऱ्या दिवशी शिडीखाली बेशुद्ध सापडला. जगला. पण त्याची बायको काउंटरसमोर येऊन उभी राहिली तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही. दोन्ही कागद तिने शेजारी शेजारी ठेवले, केंद्राचा आणि हॉस्पिटलचा, आणि विचारलं, “यातला माझ्या नवऱ्याचा कुठला?”

वहिनी त्याच दिवशी रजेवरून परत आल्या होत्या. पोरगी त्यांच्याशेजारीच उभी होती. रोल कधी बदललास, एवढंच वहिनींनी तिला विचारलं, आणि उत्तर ऐकून त्या वेळेपासूनच्या नळ्यांची यादी पडद्यावर काढली.

दुपारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं बसले. डॉक्टरीणबाई, बारक्या आणि वहिनी. बारक्याचा लॅपटॉप उघडा होता.

“मला एकच सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सोळा वर्षं तुम्ही बसलात तेव्हा हे एकदाही झालं नाही. तुम्ही चार दिवस गेलात आणि झालं. कसं?”

“रोल संपला की मी दोन बटणं दाबते. अडकलेलं लेबल जातं त्याने.”

“हे पट्टीवर का नाही?”

“मी सांगितलं होतं.” वहिनी दिराकडे वळल्या. “सांगितलं होतं ना रे?”

बारक्या पडद्याकडे बघत होता. त्याने बोटाने काहीतरी वरखाली केलं. “माझ्या टिपणात अकराच आहेत, मॅडम.”

खोटं नव्हतं ते. टिपणात अकराच होती. वहिनी त्याच्या कानशिलाकडे बघत राहिल्या. सहावीत असताना खोटं बोलला की तिथली शीर उडायची, ती आता चरबीत बुजली होती.

“वहिनींना विचारलं होतंस ना सगळं?”

“तीन दिवस बसलो होतो, मॅडम. वहिनींनी जे सांगितलं ते सगळं घेतलंय.”

घरात तो त्यांना अगं-तूगं करायचा. इथे ‘वहिनींनी’ झालं होतं. तेवढ्यानेच वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षांपूर्वी हाच म्हणाला होता मॅडमना सांगू नको, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. आणि तिथेच थांबलं, कारण त्यापुढचा प्रश्न त्यांना स्वच्छ दिसला. म्हणजे तुम्हाला सोळा वर्षं माहीत होतं? हो, माहीत होतं. आणि तुम्ही बोलला नाहीत? नाही बोलले. मग काय राहिलं? गप्प बसलं तरी चोर, बोललं तरी चोर. फरक इतकाच, की बोललं तर दोघं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला वाईट वाटतं हे बोलायला. पण एक गोष्ट तुम्ही मुठीत ठेवलीत, वहिनी. खुर्ची जाईल म्हणून. त्यापायी एक माणूस मरता मरता वाचला.”

वहिनींना ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे. पण पर्स आवरतानाचा तो क्षण मध्ये येऊन उभा राहिला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. सगळं खोटं असतं तर त्या बोलल्या असत्या. थोडं खरं होतं, त्याने त्यांचं तोंड बांधलं.

“उद्यापासून येऊ नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी बारक्या घरी आला. एकटाच. नवरा दार उघडायला गेला आणि “ये, बस,” म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं. नवऱ्याला वहिनींनी सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, “जाऊ दे आता. घरातलाच आहे तो.” घरातला आहे म्हणूनच तर, असं वहिनी म्हणणार होत्या. पण सव्वीस वर्षं ज्याने धाकट्या भावाला शब्दाने दुखावलं नाही, त्याच्यापुढे डोकं आपटण्यात काय अर्थ?

बारक्या खुर्चीच्या कडेवर बसला. “वहिनी, माझी आणखी तीन कामं मॅडमच्या ओळखीतून आलेली आहेत. सगळी गेली असती.”

“आणि माझं गेलं ते?”

“तुझं तसंही जाणारच होतं गं.” हे त्याच्या तोंडून सुटून गेलं. मग तो सावरायला लागला, “म्हणजे, पट्टी करायची ठरलं तेव्हाच मॅडम म्हणाल्या होत्या, वर्षभर ठेवू, मग बघू…”

“तेव्हाच?”

“हो.”

“आणि तू तीन दिवस माझ्याशेजारी बसून सगळं लिहून घेतलंस.”

बारक्याने हात चोळले. “म्हणून तर मी ते बारावं घातलं नाही, वहिनी. शप्पथ. तुझी गरज राहावी म्हणून. म्हटलं, एक गोष्ट तरी तुझ्याकडे राहू दे.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. खरं असेल? असेलही. मग या शहाण्याने त्यांच्यासाठी त्या रंगाऱ्याचं रक्त डावावर लावलं आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही. वर विचारल्यावर आपोआप होतं म्हणून थाप मारली.

“माझ्यासाठी नाही घातलंस, का तुझ्या प्रोग्रॅमला भोक आहे हे बटणावर लिहावं लागलं असतं म्हणून नाही घातलंस?”

आत नवऱ्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

“तुला आता काय हवंय?” वहिनींनी विचारलं. त्यांना माहीत होतं, काहीतरी हवं असल्याशिवाय तो एकटा येत नाही.

“सकाळी सहापर्यंत बटण द्यायचंय.” त्याने खिशातून कागद काढला. “दुपारभर तिथे करून बघितलं. दोन्ही बटणं दाबली. तरी जुनं लेबल येतंच. तू काय करायचीस नक्की?”

वहिनींना हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. आपला अर्धाच उपाय तो इतकी वर्षं पुरा समजून बसला होता. उरलेला अर्धा तर त्याला कधी माहीतच नव्हता. आता खरोखरच मूठ त्यांच्या हातात होती. त्या म्हणू शकत होत्या, मी सांगितलेलं सगळं तुझ्या टिपणात आहे, तिथे बघ. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं. मग डोळ्यांसमोर सकाळची रांग आली. उपाशी, चिडकी, बाही वर करून हात पुढे करणारी. रोल तर उद्याही संपणार होता.

“लिही,” वहिनी म्हणाल्या. “आधी मशीन बंद. रोलला हात लावायचा नाही. मग दोन्ही बटणं. मग पाचपर्यंत मोजायचं. मग रोल. मग मशीन चालू. लिहिलंस? वाच.”

त्याने वाचलं. रोल आधी आला होता.

“चुकलास. पुन्हा वाच.”

दुसऱ्यांदाही अडखळला. तिसऱ्यांदा बरोबर आलं. सहावीत पाढे म्हणायचा तसाच खाली मान घालून म्हणत होता. कागदाची घडी घालताना त्याने विचारलं, “या बटणाला नाव काय देऊ?”

“तुझं दे. रोल बदलताना कुणीतरी विचारेल, हा कोण.”

त्याला वाटलं वहिनी थट्टा करताहेत. त्याने वर बघितलं आणि मग बघायचं टाळलं. दादाने आतून “चहा घेऊन जा रे,” म्हटलं, पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वहिनींचा फोन वाजला. काउंटरवरची पोरगी होती. रांग संपली असावी, मागून कुणाचा आवाज येत नव्हता. ती खूश होती. पट्टीवर नवं बटण आलं होतं, बादलीचं चित्र, खाली ‘रिकामं करा’. दाबलं की काय काय करायचं ते ओळीने सांगणारी चौकटही उघडत होती. सकाळी रोल संपला तेव्हा तिने तसंच केलं आणि लेबलाचे आकडे दोनदा ताडून बघितले. एकही चूक नाही.

“इतकं सोपं होतं, वहिनी,” पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच तिला कळत नव्हतं. “मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“राहून गेलं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.